तोच श्वास पुन्हा

देवणी हे गाव देवणी जातीच्या गाईबैलांमुळे साऱ्या देशाला ठाऊक आहे. येथून समुद्र शेकडो मैल दूर. तेव्हा वसंत व्याख्यानमालेच्या मांडवात पाण्याखाली उतरण्याच्या एका यंत्राविषयी बोलण्यात औचित्य ते काय, असे कोणी विचारले तर तो प्रश्न गैर म्हणता येणार नाही. आमचे उत्तर असे की, समुद्र दूर असला तरी विहीर दूर नाही, आणि श्वास तर प्रत्येकाच्या नाकाशीच आहे. ज्या एका गोष्टीने हे यंत्र वापरणाऱ्या कसलेल्या पाणबुड्यांचा घात केला आहे, त्याच गोष्टीमुळे आपल्याकडचा पट्टीचा पोहणारा मुलगाही विहिरीत बुडू शकतो. ती गोष्ट कोणती, हे नीट समजावे एवढ्यासाठी हा विषय आम्ही घेतला आहे.

या यंत्राला रिब्रीदर म्हणतात. मराठीत पुनःश्वसन-यंत्र म्हणता येईल. कारण माणसाने सोडलेला श्वास शुद्ध करून तोच त्याला परत देणे, हे त्याचे काम. सोडलेला श्वास पुन्हा घेण्याची कल्पना प्रथम ऐकताना कोणालाही विचित्र वाटेल. परंतु श्वासाचा जमाखर्च एकदा मांडून पाहिला म्हणजे ही कल्पना कशी सुचली ते लक्षात येते.

हवेच्या शंभर भागांत सुमारे २१ भाग प्राणवायू असतो. बाकीचा बहुतेक नत्रवायू. आपण जो श्वास बाहेर टाकतो त्यात प्राणवायू १६-१७ भाग शिल्लकच असतो, आणि सुमारे ४ भाग कार्बन डायऑक्साइडची भर पडलेली असते. या लांबलचक नावाच्या वायूला सोयीसाठी आम्ही येथे कर्बवायू म्हणू. म्हणजे घेतलेल्या प्राणवायूचा जेमतेम चौथा हिस्सा आपण वापरतो आणि उरलेला परत करतो. जमिनीवर या उधळपट्टीचे कोणाला काही वाटत नाही, कारण आकाशाची कोठी सर्वांना खुली आहे. पाण्याखाली मात्र हवेची शिदोरी पाठीवर बांधून न्यावी लागते आणि तेथे हिशेब कडक होतो.

मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर पर्यटक पाठीला टाकी बांधून समुद्रात उतरतात, हे पुष्कळांनी पाहिले असेल. तारकर्लीला हे शिकविणारी महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची संस्थाही आहे. ही साधी उघडी टाकी : श्वास टाकीतून घ्यायचा आणि पाण्यात सोडून द्यायचा. समजा टाकी १२ लिटरची आहे आणि हवेच्या २०० पट दाबाने ती भरली आहे. म्हणजे तिच्यात २४०० लिटर हवा मावली. मिनिटाला २० लिटर हवा लागते असे धरले, तर पृष्ठभागावर ती दोन तास पुरेल. परंतु पाण्यात दर १० मीटरला, म्हणजे सुमारे ३३ फुटांना, एका वातावरणाइतका दाब वाढतो, आणि प्रत्येक श्वासात तितकी अधिक हवा भरली जाते. म्हणून तीच टाकी १० मीटरवर एक तास, ३० मीटरवर अर्धा तास आणि ४० मीटरवर अवघी २४ मिनिटे पुरते. गंमत अशी की, शरीराची प्राणवायूची गरज खोलीबरोबर वाढत नाही. पोहण्याचे श्रम करताना मिनिटाला सुमारे एक लिटर प्राणवायू लागतो, तो वर लागतो तितकाच खालीही. ३० मीटरवर टाकीतून निघालेल्या प्राणवायूच्या सोळा-सतरा भागांपैकी एकच भाग कारणी लागतो. बाकीचे बुडबुडे होऊन वर जातात.

हे बुडबुडे वाया जाऊ द्यायचे नाहीत, ही रिब्रीदरची मूळ कल्पना. रचना समजण्यास अवघड नाही. तोंडातील नळीतून सोडलेला श्वास एका पिशवीकडे जातो. वाटेत चुन्याचा डबा असतो. शाळेत आपण सर्वांनी एक प्रयोग केला आहे : चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घातली की निवळी दुधासारखी पांढरी होते. श्वासातला कर्बवायू चुन्याशी संयोग पावतो आणि त्याचा खडू बनतो. डब्यात नेमके हेच घडते. फक्त तेथे निवळीऐवजी विरीच्या चुन्यात थोडा दाहक सोडा मिसळून केलेले दाणे भरलेले असतात. कर्बवायू असा काढून टाकला, की जेवढा प्राणवायू शरीराने वापरला तेवढा एका लहान टाकीतून आत सोडायचा आणि तोच श्वास पुन्हा घ्यायचा. दोन लिटरच्या बाटलीत ४०० लिटर प्राणवायू मावतो. मिनिटाला दीड लिटर खर्च धरला तरी तो चार तासांवर पुरतो, मग माणूस ५ मीटरवर असो की ५० मीटरवर. प्रत्यक्षात चुना त्याआधीच थकतो, म्हणून मर्यादा बहुधा चुन्याची असते.

ही युक्ती आजकालची नव्हे. हेन्री फ्लूस या इंग्रज गृहस्थाने १८७८-७९ च्या सुमारास असे उपयोगी पडेल असे यंत्र तयार केले. त्याची परीक्षा लवकरच झाली. सेव्हर्न नदीखालून रेल्वेचा बोगदा खोदला जात असताना १८७९ मध्ये त्यात पाणी घुसले. आतला लोखंडी दरवाजा बंद केल्याशिवाय पाणी उपसता येईना, आणि तो दरवाजा सुमारे हजार फूट आत, काळोखात. वरून नळीने हवा घेणाऱ्या पाणबुड्याला एवढी लांब नळी ओढत नेणे अशक्य. १८८० च्या नोव्हेंबरात अलेक्झांडर लँबर्ट हा पाणबुड्या फ्लूसचे यंत्र पाठीला लावून आत गेला आणि दरवाजा बंद करून आला. नळी नाही, सोबत नाही; जवळ फक्त स्वतःचा श्वास.

आज या यंत्राचे लाभ चार प्रकारचे आहेत. पहिला वेळेचा, तो वर आलाच आहे. दुसरा शांततेचा. बुडबुडे नसल्यामुळे मासे बुजत नाहीत, म्हणून समुद्रजीवांचा अभ्यास करणारे हे यंत्र पसंत करतात. सूर्यप्रकाश जेथे मंद होत जातो त्या ६० ते १५० मीटरांच्या पट्ट्यातील माशांच्या कित्येक नव्या जाती रिब्रीदर लावून उतरलेल्या संशोधकांनी शोधल्या आहेत. बुडबुडे नसले की शत्रूलाही चाहूल लागत नाही. म्हणून निरनिराळ्या देशांच्या नौदलांतील लढाऊ पाणबुडे शुद्ध प्राणवायूचे रिब्रीदर वापरतात. तिसरा लाभ वर येण्याच्या वेळेचा. गोटी सोड्याची बाटली फोडताच जसे बुडबुडे उसळतात, तसे खोलवर रक्तात मुरलेल्या नत्रवायूचे बुडबुडे घाईने वर आल्यास शरीरात उसळतात, आणि माणूस पंगू होतो किंवा दगावतो. म्हणून थांबत थांबत वर यावे लागते. या थांब्यांची पहिली शास्त्रीय कोष्टके जॉन स्कॉट हॉल्डेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०८ मध्ये प्रसिद्ध केली. रिब्रीदरमध्ये प्राणवायूचे प्रमाण खोलीप्रमाणे राखता येत असल्यामुळे नत्रवायू कमी मुरतो आणि हे थांबे कमी होतात. चौथा लाभ म्हणजे चुन्याच्या संयोगात उष्णता आणि ओलावा निर्माण होतो, त्यामुळे श्वास कोरडा-थंड न राहता उबदार मिळतो. थंड पाण्यात ही मोठीच सोय होय.

या यंत्राचा कोरड्या जमिनीवरील भाऊ आपल्या राज्यातही आहे. नागपूरला कोळसा खाणींचे बचाव केंद्र आहे. खाणीत आग लागली किंवा विषारी वायू भरला म्हणजे बचावपथक पाठीवर असेच बंदिस्त श्वसनयंत्र घेऊन आत शिरते. तेथे पाणी नसते. पण बाहेरची हवा घेणे म्हणजे मरण, हा नियम तोच, आणि प्राणवायूची बाटली व कर्बवायू शोषणारा डबाही तसाच.

येथवर जमेची बाजू झाली. आता खर्चाची बाजू पाहिली पाहिजे. आणि खरे तर ती सांगण्यासाठीच आम्ही येथवर आलो.

उघड्या टाकीत काही बिघडले तर ते लगेच कळते. हवा संपत आली की श्वास ओढताना जड जाते, गळती झाली तर बुडबुडे दिसतात. रिब्रीदरचे बिघाड मुके असतात. याचे कारण यंत्रात नाही, आपल्या शरीरात आहे. श्वास कोंडून धरल्यावर जी तगमग होते ती प्राणवायू संपल्याची, असा आपला सर्वसाधारण समज. वस्तुतः ती मुख्यत्वे कर्बवायू साचल्याची असते. जॉन स्कॉट हॉल्डेन आणि प्रीस्टली यांनी १९०५ मध्ये हे प्रयोगाने दाखवून दिले. श्वासाची दोरी कर्बवायूच्या हाती आहे. प्राणवायू हळूहळू कमी होत गेला तर शरीर फारशी तक्रार करीत नाही. उलट डोके थोडे हलके, मन थोडे खुशीत, आणि मग एकाएकी काळोख.

आता रिब्रीदर काय करतो पाहा. तो कर्बवायू काढून टाकतो. म्हणजे घरात चोर शिरण्याचा संभव असताना राखणीचे कुत्रे आपणच दुसरीकडे बांधून यावे, तशातला हा प्रकार होतो. प्राणवायूच्या बाटलीची चावी उघडायची राहिली, किंवा बाटली संपली, तरी पाणबुड्याचा श्वास सुखाने चाललेला असतो. पिशवी भरते, रिकामी होते. त्याला काहीच वाटत नाही, आणि काही वाटण्यापूर्वीच तो बेशुद्ध होतो. वर येतानाही हाच धोका. खाली दाब जास्त असल्यामुळे पुरेसा ठरलेला प्राणवायू वर दाब कमी होताच अपुरा पडतो, आणि माणूस पृष्ठभागाच्या अगदी जवळ येऊन शुद्ध हरपतो.

हे ऐकताना आपली विहीर आठवल्याशिवाय राहत नाही. उन्हाळ्यात पोरे पैज लावतात : तळाचा दगड कोण वर आणतो, पाण्याखाली जास्त वेळ कोण राहतो. पैज जिंकण्यासाठी एखादा चतुर मुलगा सूर मारण्यापूर्वी भराभरा दहा-वीस मोठे श्वास घेतो. त्याला वाटते, आपण छातीत हवा साठवली. प्राणवायू त्याने फारसा साठविलेला नसतो. रक्तातला कर्बवायू मात्र फुंकून टाकलेला असतो. कुत्रे त्यानेही बांधून ठेवले. मग पाण्याखाली तगमग उशिरा होते, तो आरामात रेंगाळतो, आणि वर येता येता दाब उतरतो, शुद्ध जाते. काठावरच्यांना वाटते, अजून पैज चालू आहे. ओरडणे नाही, हातपाय मारणे नाही. उत्तम पोहणारा कसा बुडाला याचे मग गावभर आश्चर्य होते. आश्चर्याचे कारण नाही. चांगला पोहणाराच पाण्याखाली इतका वेळ राहण्याचे धाडस करतो.

दुसरा धोका याच्या उलट : प्राणवायूचा अतिरेक. जो वायू प्राण राखतो तोच दाबाखाली विष होतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर याने १८७८ मध्ये लिहून ठेवले. शुद्ध प्राणवायू सुमारे ६ मीटरच्या खाली घेतला तर झटके येण्याचा धोका वेगाने वाढतो. आणि पाण्याखाली झटका येणे म्हणजे तोंडातली नळी सुटून बुडणे. या बाबतीत एका माणसाचे नाव भारतीयांनी विसरता कामा नये. १ जून १९३९ रोजी ‘थेटिस’ ही ब्रिटिश पाणबुडी चाचणीच्या वेळी लिव्हरपूलच्या उपसागरात बुडाली. आतल्या १०३ पैकी ९९ जण मेले. जे चार सुटले ते डेव्हिसचे सुटकायंत्र लावून बाहेर पडले, आणि तेही एक प्रकारचे प्राणवायूचे रिब्रीदरच होते. मागे राहिलेल्यांचा घात प्रामुख्याने साचलेल्या कर्बवायूने केला. ते कसे घडले हे तपासण्याचे काम जे. बी. एस. हॉल्डेन यांच्याकडे आले. ते वर उल्लेखिलेल्या हॉल्डेनांचे चिरंजीव. त्यांनी स्वतःला आणि आपल्या सोबत्यांना लोखंडी पेटीत कोंडून घेऊन कर्बवायूचे व दाबाखालील प्राणवायूचे प्रयोग केले. अशाच एका प्रयोगात प्राणवायूचा झटका येऊन त्यांच्या पाठीचे मणके दुखावले. हेच हॉल्डेन १९५७ मध्ये कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले, पुढे त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले, आणि १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वरला त्यांचे निधन झाले. पाण्याखाली किती प्राणवायू चालतो हे आज पाणबुड्याला कोष्टकात सहज वाचता येते. त्या आकड्यांमागे अशा माणसांच्या शरीराची झीज आहे.

तिसरा धोका कर्बवायूचा. चुना थकला, नीट भरला गेला नाही, ओला झाला, तर कर्बवायू श्वासात परत येऊ लागतो. धाप लागते, डोके दुखते, विचार सुचेनासा होतो. आणि ज्या क्षणी निर्णय घ्यायला हवा त्याच क्षणी निर्णयशक्ती जाते. चुन्यात पाणी शिरले तर दाहक पाणी नळीवाटे तोंडात येऊन घसा भाजतो, तो त्रास वेगळाच. यंत्र शाबूत असतानाही कर्बवायू कसा मारतो, याचे उदाहरण दक्षिण आफ्रिकेतील बोसमन्सखाट या पाण्याने भरलेल्या विवरात घडले. ८ जानेवारी २००५ रोजी डेव्हिड शॉ हा निष्णात पाणबुड्या, दहा वर्षांपूर्वी तेथे मेलेल्या एका तरुणाचा देह वर आणण्यासाठी सुमारे २७० मीटर खोल उतरला. त्या खोलीवर वायू इतका घट्ट होतो की श्वास आत-बाहेर करणे हेच श्रमाचे काम. देह सोडविताना दोरीची गुंतागुंत झाली, श्रम वाढले, श्रमाने कर्बवायू वाढला, आणि वाढलेला कर्बवायू श्वासावाटे बाहेर टाकण्याइतकी ताकद उरली नाही. शॉ परतला नाही. त्याच्या शिरस्त्राणावरच्या कॅमेऱ्यात त्याच्या श्वासांचा आवाज नोंदला गेला होता. त्यावरून तज्ज्ञांनी हे कारण ठरविले. पुढे काही दिवसांनी दोर वर ओढताना दोन्ही देह एकदमच वर आले.

धोक्याचे मोजमापही झाले आहे. अँड्र्यू फॉक या ऑस्ट्रेलियन डॉक्टराने १९९८ ते २०१० या काळात हौशी पाणबुड्यांचे रिब्रीदरवर झालेले १८१ मृत्यू तपासून २०१३ मध्ये असा अंदाज दिला की, साध्या टाकीच्या मानाने यात मृत्यूचा धोका चार ते दहा पट असावा. मग हे यंत्र टाकूनच द्यावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. जेथे लांबचे, खोलवरचे किंवा निःशब्द काम आहे तेथे त्याला पर्याय नाही. मात्र ते वापरणाऱ्याने एक गोष्ट मनाशी पक्की केली पाहिजे : आपल्याला बरे वाटते आहे, हा पुरावा नव्हे. म्हणून यंत्रात प्राणवायू मोजणारी तीन मापके बसवितात. एकाने दगा दिला तर दोघांची साक्ष घेता यावी. मापकेही जुनी होतात, ती मुदतीत बदलावी लागतात. पाण्यात उतरण्यापूर्वी लेखी यादी हातात धरून एकेक चावी, एकेक झडप तपासायची. पाठ असली तरी वाचूनच तपासायची. चुन्याचे तास मोजायचे, कंजुषी करायची नाही. शंका येताच रिब्रीदर सोडून श्वास घेता यावा म्हणून साध्या हवेची वेगळी टाकी जवळ ठेवायची. आणि एकट्याने उतरायचे नाही.

हे शहाणपण आपल्या भागाला अगदीच नवीन नाही. ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार आपण अजून वापरतो. पण ज्वारीचे खरे पेव ज्यांनी उघडलेले पाहिले अशी माणसे आता थोडी उरली आहेत. बंद पेवात धान्यही श्वास घेते, प्राणवायू संपविते, आणि जड कर्बवायू तळाशी बसतो. म्हणून जाणती माणसे पेव उघडून वारा लागू देत, आणि मगच दोरीने पेटता कंदील आत सोडीत. पडीक विहिरीलाही हीच रीत. कंदील विझला तर माणूस उतरायचा नाही. प्राणवायू १६-१७ भागांवर आला की ज्योत विझते, आणि माणसाची शुद्ध साधारणपणे त्याहून बरेच खाली गेल्यावर जाते. म्हणजे ज्योत आधी सूचना देते. आपल्या छातीवर विश्वास न ठेवता ज्योतीवर ठेवणे, हेच त्या तीन मापकांचे तत्त्व होय.

पण कंदिलाची मर्यादाही सांगितली पाहिजे, नाहीतर आमच्या बोलण्याने अपाय व्हायचा. गोबरगॅसची टाकी, शौचालयाचा बंद खड्डा, गटाराचे भुयार येथे पेटणारा वायू असतो, तेथे ज्योत नेणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण. तेथे दुसरा एक विषारी वायूही असतो. त्याचा सडका वास जास्त प्रमाणात नाकाला कळेनासाच होतो, आणि कंदील त्याची सूचना देत नाही. गटारे आणि शौचालयाचे खड्डे साफ करायला संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरविणे २०१३ च्या कायद्याने मना केले आहे, मशीन बोलवावे. आणि कोणी आत कोसळलाच, तर त्याच्यामागोमाग भावाने, मुलाने, शेजाऱ्याने उडी घ्यायची नाही. एकामागून एक तीन-चार जण जातात ते याच मायेपोटी. दोर, वारा, आणि अग्निशामक दलाला निरोप, हा क्रम पाळावा. श्वसनयंत्र घेऊन आत जाणारी माणसे वेगळी; त्यांना ती विद्या शिकविलेली असते.

विहिरीवर पोहायला जाणाऱ्या मुलांना मात्र आजच दोन गोष्टी सांगता येतील, आणि त्यांना यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. सूर मारण्यापूर्वी भराभरा श्वास घ्यायचे नाहीत. आणि पाण्याखाली दम धरण्याची पैज लावायची नाही. एखादा बुडी मारून तळाला गेलाच, तर काठावरच्या एकाने तो वर येऊन दोन-चार श्वास घेऊन बोलेपर्यंत त्याच्यावरून नजर काढायची नाही. एवढे ज्या घरी आज रात्री जेवताना बोलले जाईल, त्या घरी हे व्याख्यान पोचले असे आम्ही समजू.